रोजची कामे आणि व्यवसायोपचार

सदरा अंगात घालायला निरोगी माणसाला अर्धा मिनिट लागते, आणि आपण काही विशेष केले असे त्याला वाटतही नाही. त्या अर्ध्या मिनिटात सदऱ्याची उलट-सुलट बाजू ओळखावी लागते, एक हात बाहीत सारून खांद्यापर्यंत न्यावा लागतो, दुसरी बाही न पाहता पाठीमागून हुडकावी लागते, एवढे होईपर्यंत कमरेत तोल सांभाळावा लागतो आणि शेवटी बोटांच्या टोकांनी बटण काजातून काढावे लागते. पक्षाघात, संधिवात, सेरेब्रल पाल्सी, मज्जारज्जूची इजा, स्मृतिभ्रंश, स्वमग्नता यांपैकी प्रत्येक आजार या क्रमातली वेगळी पायरी मोडतो. बाहेरून मात्र सगळीकडे एकच दिसते: माणसाला कपडे घालता येत नाहीत. नेमकी कोणती पायरी मोडली आहे ते शोधणे, ती पुन्हा बांधता येते का ते पाहणे आणि बांधता येत नसेल तर तिला वळसा घालणारी वाट काढणे, हे व्यवसायोपचाराचे काम आहे. जेवण, आंघोळ, शौच, स्वयंपाक, शाळेतले लिहिणे, खेळ, नोकरी, प्रवास अशी माणसाचा दिवस ज्यांनी भरतो ती सर्व कामे या शाखेच्या कक्षेत येतात.

फिजिओथेरपीशी तिचे जवळचे नाते आहे. गुडघा किती वाकतो, मांडीच्या स्नायूत किती जोर आहे, चाल कशी आहे, हे फिजिओथेरपिस्ट पाहतो आणि सुधारतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ त्याच गुडघ्याने मोरीत पाटावर बसून अंगावर पाणी घेता येते का, हे पाहतो. दोघांची कामे पुष्कळदा एकमेकांत मिसळतात आणि मिसळावीतही. फरक कसोटीचा आहे. व्यवसायोपचारात सांध्याचे अंश वाढले किंवा मुठीचा जोर वाढला एवढ्यावर यश ठरत नाही. रुग्णाने घरी जाऊन स्वतःच्या हाताने दोन घास खाल्ले तर ते ठरते.

या विचाराला संघटित रूप मिळाले ते अमेरिकेत. १९१७च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी जॉर्ज बार्टन यांच्या घरी काही मंडळी जमली आणि त्यांनी व्यवसायोपचाराच्या प्रसारासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन केली. बार्टन स्वतः वास्तुशिल्पी होते. क्षयाने आणि डाव्या अंगाच्या लुळेपणाने त्यांना ग्रासले होते आणि हातांना काम देऊनच ते त्यातून सावरले होते. त्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. जखमी सैनिकांना पुन्हा कामाला लावण्याची गरज उभी राहिली आणि नव्या पेशाला रुग्णालयांची दारे उघडली. मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅडॉल्फ मायर यांनी १९२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात या पेशाला वैचारिक पाया दिला. काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांच्या लयीवर माणसाचे आरोग्य उभे असते आणि ती लय उपदेशाने सापडत नाही, प्रत्यक्ष करण्यातून सापडते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

भारतात हा पेशा मुंबईतून सुरू झाला. कमला निंबकर जन्माने अमेरिकन होत्या आणि विवाहानंतर भारतात स्थायिक झाल्या. त्यांनी अमेरिकेत व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५०मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात भारतातले पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५२मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक महासंघ उभा राहिला आणि त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. विद्यालय अवघे दोन वर्षांचे असताना देशाला हे स्थान मिळाले, याचे बरेचसे श्रेय निंबकरांच्या चिकाटीला द्यावे लागते. पुढे शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, नायर रुग्णालय आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथेही शिक्षणाची सोय झाली. हाजी अलीला १९५५मध्ये केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाने चालते. महाराष्ट्राला मात्र ही बाई शाळेच्या पाटीपलीकडे फारशी ठाऊक नाही, याची खंत वाटते.

उपचाराची सुरुवात मोजमापापासून होते. सर्वांत रुळलेले माप बार्थेल निर्देशांकाचे आहे. १९६५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मापात जेवण, आंघोळ, चेहरा-केसांची निगा, कपडे, शौच व लघवीवरचा ताबा, शौचालयाचा वापर, खाटेवरून खुर्चीत सरकणे, चालणे आणि जिना अशा दहा बाबी आहेत. सर्व मिळून गुण १००. दहा मिनिटांत भरता येणारे हे माप जगभर उपयोगी पडले आहे, पण त्याच्या मर्यादाही उघड आहेत. पैशांचा व्यवहार, स्वयंपाक, औषधे वेळेवर घेणे, बसने जाणे त्यात नाही. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि हाताचा आधार न घेता उठणेही नाही. ज्या घरात जेवण, पूजा, भाजी निवडणे आणि झोप सगळे जमिनीवर होते, तिथे ९० गुण मिळवलेली व्यक्तीही घरच्या पंगतीबाहेर राहू शकते. म्हणून चांगला तज्ज्ञ दुसराही प्रश्न विचारतो: यांतले कोणते काम स्वतःला करता आले पाहिजे असे रुग्णाला वाटते? कॅनडात विकसित झालेल्या एका मापात रुग्ण स्वतःच प्रत्येक कामाचे महत्त्व, त्यातले आपले कौशल्य आणि आपले समाधान यांना १ ते १० गुण देतो. या उत्तरांनी तज्ज्ञाचे अंदाज पुष्कळदा उलटे ठरतात. एखाद्या आजोबांना आंघोळीला मदत घेण्यात कमीपणा वाटत नाही, पण सकाळी कोपऱ्यावर जाऊन वर्तमानपत्र आणता येत नाही याचे दुःख असते. अशा वेळी उपचाराची सुरुवात वर्तमानपत्रापासून व्हायला हवी.

प्रौढांमध्ये या उपचाराची सर्वांत मोठी गरज पक्षाघातानंतर निर्माण होते. पहिला धडा कपड्यांचा असतो. लुळा हात बाहीत आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा. नियम साधा आहे, पण तो कळेपर्यंत घरचे लोक रोज सकाळी त्या हाताशी झटापट करतात. लुळा हात धरून रुग्णाला ओढून उठवणे ही आणखी एक सार्वत्रिक चूक. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, ओढण्याने सांधा निखळू लागतो आणि पुढे महिनोन्‌महिने दुखतो. उठवताना आधार कमरेला किंवा धडाला द्यायचा, हे घरातल्या प्रत्येकाला करून दाखवावे लागते.

मेंदूच्या उजव्या भागात इजा झाली की डावे अंग लुळे पडते. कधी कधी त्याबरोबर डाव्या बाजूचे जगच रुग्णाच्या लक्षातून जाते. दृष्टी शाबूत असते, पण लक्ष तिकडे वळत नाही. मराठी ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी-आमटी उजवीकडे वाढतात. असा रुग्ण उजवीकडची भाजी संपवतो, भाताचा अर्धाच ढीग खातो आणि चटणी वाढलीच नाही म्हणून तक्रार करतो. घरच्यांना तो हट्ट वाटतो किंवा भ्रमिष्टपणा. व्यवसायोपचारात ताटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवतात आणि ती दिसेपर्यंत मान वळवायची सवय लावतात. बोलणारा मुद्दाम डावीकडे बसतो. सवय होईपर्यंत ताट मध्येच फिरवून देण्याची साधी युक्तीही उपयोगी पडते. डाव्या मेंदूच्या इजेत वेगळाच पेच दिसतो: कंगवा हातात आहे, त्याचे नाव कळते, हातात जोरही आहे, पण तो केसांतून कसा फिरवायचा तेच सुचत नाही. इथे तोंडी सूचना फारशा कामाला येत नाहीत. तज्ज्ञ रुग्णाच्या हातावर हात ठेवून ती क्रिया रोजच्या जागी, रोजच्या वेळी, पुन्हा पुन्हा करून घेतो.

हाताच्या प्रश्नाला आपल्याकडे आणखी एक बाजू आहे. उजव्या हाताने जेवायचे आणि डाव्याने धुवायचे, हा संस्कार लहानपणापासूनचा. एक हात गेला की दोन्ही कामे उरलेल्या हातावर येतात आणि कित्येक रुग्ण लाजेने चारचौघांत जेवायचे सोडतात. त्यावर उपदेश करून काही होत नाही. शौचालयात जेट स्प्रे बसवला, बसल्या जागी हाताला येईल असा साबण ठेवला आणि जेवायला जाड मुठीचा चमचा दिला की तो संकोच पुष्कळ ओसरतो.

स्वयंपाकघरात हे शास्त्र सर्वांत कल्पक होते. विळी पायाने दाबून दोन्ही हातांनी चालवायची असते, म्हणून एका हाताच्या माणसासाठी ती बादच. तिच्या जागी लाकडी फळीवर न गंजणारे दोन खिळे उलटे ठोकतात. बटाटा त्यांवर रोवला की एका हातात सुरी घेऊन चिरता येतो. फळीच्या एका कोपऱ्याला दोन पट्ट्या ठोकल्या की पोळी तिथे अडकवून तिला तूप लावता येते. पोळपाटाखाली ओले फडके ठेवले की तो सरकत नाही. भाकरी परातीत एका तळव्याने थापता येते, पण ती उचलून तव्यावर टाकताना अडते. तिथे पातळ, रुंद उलथने लागते. संधिवाताच्या रुग्णाला वेगळे शिकवावे लागते. पातेले बोटांच्या चिमटीत, सांडशीने उचलू नये; दोन कानांची कढई दोन्ही तळव्यांवर पेलावी. कपडे पिळू नयेत, नळावर टांगून निथळू द्यावेत. लहान सांध्यांवरचा भार मोठ्या सांध्यांवर न्यावा, एवढेच यामागचे तत्त्व आहे, पण त्याने बोटे वाकडी होण्याचा वेग कमी होऊ शकतो.

हातांच्या उपचारातली दोन उदाहरणे या शाखेची दृष्टी नीट दाखवतात. कुष्ठरोगात हाताची संवेदना जाते. तव्याचा चटका कळत नाही आणि जखम चिघळेपर्यंत हात कामात राहतो. भांड्यांना लाकडी मुठी लावणे, चहाचा पेला फडक्यात धरणे आणि रोज संध्याकाळी दोन्ही तळवे उजेडात तपासणे, या सवयींनी बोटे वाचतात. दुसरे उदाहरण मज्जारज्जूचे. मानेजवळ सहाव्या पातळीपर्यंतचा मज्जारज्जू शाबूत असेल तर मनगट वर उचलता येते, पण बोटांत ताकद नसते. अशा हाताची बोटे पूर्ण सरळ ताणून मोकळी करण्याचा मोह कोणालाही होईल, आणि तीच मोठी चूक ठरते. बोटांचे स्नायूबंध किंचित आखूड राहू दिले तर मनगट उचलताच बोटे आपोआप मिटतात आणि पेन, चमचा, मोबाईल धरता येतो. शरीरातला हा ताठरपणा जपून ठेवणे हाच इथे उपचार आहे.

मुलांच्या बाबतीत प्रश्न उलटा असतो. प्रौढाचे हरवलेले परत मिळवायचे असते, मुलाला जे अजून कधी जमलेलेच नाही ते शिकवायचे असते. सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलाची सुरुवात बैठकीपासून होते. धड डळमळत असेल तर दोन्ही हात तोल सांभाळण्यातच गुंततात, खेळण्याकडे जाऊ शकत नाहीत. पावले टेकलेली, गुडघे आणि कंबर काटकोनात, पाठीला आधार आणि पुढे कोपरांच्या उंचीचे टेबल, अशी खुर्ची गावातला सुतारही बनवू शकतो. ती मिळताच काही मुले प्रथमच खेळण्याकडे हात नेतात. भरवण्याची पद्धतही बदलावी लागते. मांडीवर उताणे निजवून बोंडल्याने किंवा वाटीने घशात पेज ओतण्याची रीत घरोघरी आहे. मान मागे गेलेली असताना अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि या मुलांना वारंवार होणाऱ्या न्यूमोनियाचे ते एक कारण असू शकते. मूल ताठ बसलेले, हनुवटी किंचित खाली, भरवणारी व्यक्ती समोर आणि डोळ्यांच्या पातळीवर, एवढ्याने जेवण सुरक्षित होण्यास मोठी मदत होते.

कौशल्य शिकवताना काम शेवटाकडून शिकवण्याची एक युक्ती वापरतात. चड्डी घालायला शिकवताना सगळे आईने करायचे आणि कमरेजवळची शेवटची दोन बोटे मुलाला वर ओढू द्यायची. ते जमले की गुडघ्यापासून, मग घोट्यापासून. प्रत्येक खेपेस काम पूर्ण करण्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. सुरुवातीकडून शिकवले की पहिल्याच पायरीवर ते दमते आणि उरलेले आई करते. एक हात दुबळा असलेल्या मुलाचा चांगला हात काही तास मोज्यात ठेवून दुबळ्याला कामाला लावण्याची पद्धत अमेरिकी संशोधक एडवर्ड टॉब यांच्या कामातून आली. ती प्रौढांतही वापरतात, मात्र मनगट निदान २० अंश आणि बोटे १० अंश उघडता आली पाहिजेत. अजिबात न हलणाऱ्या हातावर ही सक्ती केली तर पदरी निराशाच येते.

स्वमग्न मुलांच्या घरी त्रास वेगळे असतात: केस कापताना आकांत, सदऱ्याच्या मानेजवळचे लेबल सहन न होणे, कुकरच्या शिट्टीला कान झाकून पळणे. संवेदनांची मेंदूत होणारी जुळणी या दृष्टीने हे वागणे समजून घेण्याची मांडणी जीन एअर्स यांनी केली. त्यांचे मूळ पुस्तक १९७२चे. त्या मांडणीमुळे लाखो पालकांना मूल हट्टी नाही हे कळले, हा तिचा मोठा उपकार. तिच्यावर आधारलेल्या उपचारांचा पुरावा मात्र अजून मर्यादित आहे आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २०१२मध्ये तसे नमूद केले. आज शहरांत झोपाळे, मोठे चेंडू आणि रंगीत गाद्या असलेली केंद्रे गल्लोगल्ली उघडली आहेत. पालकांनी तिथे एकच गोष्ट मागावी: तीन महिन्यांनी घरातले कोणते काम सोपे झालेले असेल, ते आधी लिहून द्या. झोपाळ्यावरची प्रगती घरात दिसत नसेल तर उपचार बदलायला हवा.

शाळेत पेन्सिलीची पकड, बाकाची उंची, फळ्यावरून उतरवण्याचा वेग हे प्रश्न येतात. लिहिणे खरोखरच आवाक्याबाहेर असेल तर वर्षानुवर्षे अक्षर गिरवून घेण्यापेक्षा टंकलेखन शिकवावे आणि लेखनिकाची सोय करावी. केंद्र सरकारच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरावीक प्रमाणाइतके किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या पात्र परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ देऊ केला. पुष्कळ शाळांना ही तरतूद दहावीच्या तोंडावर आठवते, तोवर मुलाला लेखनिकाला मजकूर सांगण्याचा सराव करायला वेळच उरत नाही.

मनोविकारांतही व्यवसायोपचाराला जुने स्थान आहे. मायर यांचा निबंध त्याच क्षेत्रातला. स्किझोफ्रेनियात औषधांनी भास थांबले तरी सकाळी उठणे, आंघोळ, बाजारहाट यांची घडी पुष्कळदा परत येत नाही. ती छोट्या, ठरलेल्या वेळच्या कामांनी बसवावी लागते. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे. तो वापरता यावा म्हणून स्वतःचा चहा करता येणे आणि बसचे तिकीट काढता येणेही लागते.

माणूस आणि काम यांच्यानंतर जागा. महाराष्ट्रातल्या घरांत उंबरठा, मोरीचा कठडा, ओली फरशी आणि भारतीय पद्धतीचे शौचालय हे चार अडथळे जवळजवळ ठरलेले. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १:१२ धरतात, म्हणजे १५ सेंटीमीटरच्या पायरीला १.८ मीटर लांब उतार लागतो. दारापुढे तेवढी जागा नसेल तर उतार काटकोनात वळवावा. आखूड आणि तीव्र केला तर खुर्ची मागे उलटते. शौचालयात भांड्यावर मधोमध भोक असलेली खुर्ची, भिंतीत पक्का बसवलेला दांडा आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा, एवढ्या खर्चात वृद्धांचे पडणे टळू शकते. टॉवेलची दांडी धरून उठण्याची सवय मात्र घातक, कारण ती माणसाचे वजन पेलण्यासाठी नसते. चाळीत सामाईक शौचालय असेल तर घरात बदल करून भागत नाही. तिथे शेजाऱ्यांशी बोलणे हाही तज्ज्ञाच्या कामाचा भाग होतो.

या सगळ्याचा उपयोग होतो का, हा प्रश्न संशोधकांनी गंभीरपणे विचारला आहे. पक्षाघातानंतर रोजच्या कामांवर केंद्रित व्यवसायोपचार मिळालेल्या रुग्णांची कामे करण्याची क्षमता तो न मिळालेल्यांपेक्षा चांगली राहते, असा कोक्रेन संस्थेच्या एकत्रित आढाव्याचा निष्कर्ष आहे. पुराव्याचा दर्जा फार वरचा नाही हेही तो आढावा सांगतो. भारतातला एक अभ्यास अधिक विचार करायला लावतो. २०१७मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत देशातल्या १४ रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण दिले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत्यू किंवा परावलंबित्व ४७ टक्केच राहिले. तज्ज्ञांची उणीव घरच्यांना थोडेसे शिकवून भरून निघेल, ही सोयीची कल्पना या निकालाने बाद केली. घरच्यांशिवाय काही होत नाही हे खरेच, पण त्यांच्या मदतीला शिकलेला माणूस लागतो.

तो माणूस कुठे मिळतो? मोठ्या शासकीय व महापालिका रुग्णालयांत व्यवसायोपचार विभाग असतात. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांची तपासणी होते आणि विकासात अडथळा दिसलेल्या मुलाला जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तिथली सेवा मोफत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली. २०२१च्या कायद्याने व्यवसायोपचारासह संलग्न आरोग्यसेवांच्या शिक्षणासाठी व नोंदणीसाठी राष्ट्रीय आयोग आणला. खाजगी केंद्रात जाताना तज्ज्ञाकडे व्यवसायोपचाराची पदवी आणि अधिकृत नोंदणी आहे का, हे जरूर विचारावे, कारण थोड्या दिवसांच्या वर्गावर थेरपिस्ट म्हणवणारेही आढळतात. पहिल्या भेटीला जाताना घरातल्या मोरीची, शौचालयाची, झोपण्याच्या जागेची आणि ओट्याची छायाचित्रे मोबाईलवर घेऊन जावीत, दाराची रुंदी आणि पायऱ्यांची उंची मोजून न्यावी, आणि रुग्णाचा कालचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा गेला ते लिहून न्यावे. तज्ज्ञाला घरी येणे शक्य नसेल तेव्हा उपचाराची पहिली आखणी याच माहितीवर होते.